आठ पाती आणि एक पाचर

१

त्या शुक्रवारी सकाळी सात वाजून दहा मिनिटांनी अमडापूरजवळच्या पडघान जिनिंगचे फाटक उघडले. वजनकाट्याच्या उतारावर कापसाने भरलेल्या ट्रॉल्या एकामागे एक लागल्या होत्या. चालकांनी चाकांमागे लाकडाचे ठोकळे सरकवले आणि ते टपरीकडे वळले. साडेसातला शालूबाईने डबा खुंटीला अडकवला, पदर कमरेला खोचला आणि इतर आठ बायांसोबत ओट्यावर बसून कापसातली कवडी, म्हणजे किडकी-नासकी बोंडे, वेचायला घेतली. पावणेआठला मेहबूब मिस्त्रीने फाटकाबाहेरच्या कडुलिंबाखाली आपली सकाळची बिडी अर्धी ओढून विझवली, उरलेला तुकडा पत्र्याच्या डबीत ठेवला, डबी रुईच्या गाठी बांधायच्या प्रेसच्या खोलीच्या खिडकीत ठेवली आणि तो कामाला लागला. आठला मोठा पंखा सुरू झाला. ओट्यावरचा कापूस नळातून खेचून पलीकडे सरकी काढणाऱ्या जिनांच्या शेडमध्ये फेकायचा, हे त्याचे काम. आत आठ पात्यांचे चक्र आणि त्याभोवती पत्र्याचे गोल घर. या घराला सगळे केसिंग म्हणत.

नऊ वाजून वीस मिनिटांनी पलीकडच्या ढिगातून धूर निघाला. आग नळातून ओट्याकडे येऊ नये म्हणून नळाची झडप पाडायला शालूबाई धावली. झडप पडली, म्हणून ओट्यावरच्या आठ बाया वाचल्या. पण तिचा उजवा हात मनगटापर्यंत भाजला.

चिखलीहून आलेला बंब दुपारी परत गेला. त्यानंतर मॅनेजर गोविंदाला पंख्याच्या पायाशी एक अर्धी बिडी सापडली. सायंकाळपर्यंत साऱ्या गावाला ठाऊक झाले की आग मेहबूब मिस्त्रीने लावली.

२

ही सकाळ निशिगंधा जवंजाळने नंतर एकेकाला विचारून जुळवली. ती अभियंता होती आणि विमा कंपनीसाठी आगीची कारणे तपासण्याचे काम करी. सोमवारी ती बुलढाण्याहून आली तेव्हा वजनकाट्याच्या उतारावर तिचा पाय एका ठोकळ्याला अडखळला. बाभळीचा, हातभर लांब, एका टोकाला निमुळता. त्याच्या दोन कडा काळ्या पडलेल्या होत्या आणि दोन बाजू स्वच्छ होत्या. तिने तो पायाने बाजूला सारला आणि पुढे गेली. या गोष्टीचा तिला दुसऱ्या दिवशी फार राग आला.

मालक राजकुमार पडघान केबिनमध्ये बसला होता. पन्नाशीचा, मितभाषी, पांढरा सदरा. मागे त्याच्या वडिलांची, पुंजाजींची तसबीर होती आणि तिच्याखाली काचेच्या कुलूपबंद कपाटात एक जुना घण ठेवलेला होता.

"आबांचा आहे," राजकुमार म्हणाला. "या घणानं त्यांनी पहिली जिन बसवली. आम्ही तो वापरत नाही. दसऱ्याला पुजतो, बस."

टेबलावर एक टाइप केलेला कागद होता. त्यात मेहबूबने आपल्या निष्काळजीपणाची कबुली दिली होती. फक्त सही व्हायची होती.

"सही केली तर मी ठाण्यात शब्द टाकतो," राजकुमार म्हणाला. "सव्वीस वर्षं आहे तो आमच्याकडे. सुटेल हलक्यात."

"आणि नाही केली तर?"

"शालूबाईचा हात भाजलाय, मॅडम. गुन्हा तर दाखल होणारच. तुमचा अहवाल आला की ठाणेदार उचलतील त्याला."

म्हणजे एक माणूस आत जाणार की बाहेर राहणार, हे आता तिच्या सहीवर होते. तिने मिस्त्रीला बोलवायला सांगितले.

मेहबूब दारातच उभा राहिला. साठीला टेकलेला, हाताच्या रेषांत ग्रीस मुरलेले.

"बिडी तुमची आहे का?"

"माहीच आहे."

गोविंदाने समाधानाने मान हलवली.

"पण तिथं मी ठेवली नाई," मेहबूब म्हणाला. "अन् या कागदावर मी सही बी करणार नाई. मले जेलात टाका, काही म्हननं नाई. पन माह्या हातानं मले चोर म्हनून लिवून घेऊ नका."

"हा असाच अडून राह्यला दोन दिवसांपासून," गोविंदा म्हणाला.

"तू बी त अडूनच राह्यला, गोविंदा. तुह्यासमोर कोनी कागद ठेवला का सहीले?"

३

गोविंदाने मोठ्या उत्साहाने आपल्या मोबाइलवरचे बिडीचे छायाचित्र दाखवले. निशिगंधाने ते बोटांनी मोठे केले आणि बराच वेळ पाहिले.

"पंख्याच्या पायाशी किती काजळी होती?"

"बोटभर. सारं काळं झालं होतं, मॅडम."

"आग लागण्याआधी बिडी पडली असती, तर काजळी बिडीवर बसली असती. इथे बिडी काजळीवर आहे. तिचं पान बघा, कोरं आहे. दोराही शाबूत आहे. ही बिडी आग विझल्यावर तिथे आली."

गोविंदा गडबडला. पण तो सावरला.

"मंग बिडी जाऊ द्या. पन आग पंख्यातूनच लागली ना? घासून ठिणगी पडली असन. त्या पंख्याचं एक पातं यानंच बदललं, सीझनच्या आधी. नवं पातं जड झालं, चक्र डुगडुगलं, पत्र्याले घासलं. दोष याचाच."

हा आक्षेप पोकळ नव्हता. निशिगंधाने मेहबूबकडे पाहिले. त्याने ते नाकारले नाही.

"पातं म्याच बदललं," तो म्हणाला. "चक्राचा तोल बी म्याच पाह्यला. बाकी तुमी उघडून पाहा. मी बोलून काय होते?"

केसिंगची झाकणी उघडायला अर्धा तास लागला. निशिगंधा विजेरी घेऊन आत डोकावली तेव्हा बाकीचे तिच्या पाठीमागे उभे होते.

घासल्याची खूण होती. पत्रा चकाकत होता, निळसर झाला होता.

"पाहा," गोविंदा म्हणाला. "म्या म्हटलं नव्हतं?"

निशिगंधा बाहेर आली. तिने हात पुसले.

"मिस्त्री, फुगडी पाहिलीय ना तुम्ही?"

"पाह्यली. खेळलो नाई."

बाहेर ओट्यावर बसलेल्या दोघी बाया तोंडाला पदर लावून हसल्या.

"समजा, एका गोल विहिरीत आठ हात पसरून कोणीतरी गरागरा फिरतंय. एकच हात लांब असेल, तर सोलवटेल तो एकच हात. पण विहिरीच्या भिंतीवर ओरखडा उठेल चौफेर. बरोबर?"

"हाव," मेहबूब सावकाश म्हणाला. त्याच्या डोळ्यांत काहीतरी हलले.

"आणि हात आठही सारखे असतील, पण भिंतच एका जागी आत आली असेल, तर?"

"त आठही हात सोलवटतीन. अन् भिंतीवर ओरखडा एकाच जागी."

"आत आठही पात्यांची टोकं सारखीच झिजलीत. नवं पातं इतर सातांपेक्षा तसूभरही जास्त नाही. आणि केसिंगवर खूण आहे वीतभर, एकाच जागी. चक्र जागच्या जागी नीट फिरत होतं. केसिंग त्याच्यावर चालून आलं."

"कोणत्या बाजूला?" राजकुमारने प्रथमच प्रश्न विचारला. त्याचा आवाज कोरडा होता.

"भिंतीकडच्या."

४

शालूबाईचे घर गावाच्या टोकाला होते. भाजलेला हात पांढऱ्या पट्टीत, उशीवर ठेवलेला. सून अन्नपूर्णा चहा ठेवायला आत गेली. तीही जिनिंगमध्येच कामाला होती.

"शालूबाई, पंख्याचा आवाज तुम्ही रोज ऐकता."

"ऐकतो म्हंजे? दहा सीझन झाले, त्याच्याच बाजूनं बसतो. नवऱ्याचं घोरनं वळखनार नाई, पन पंखा वळखतो."

"या सीझनला काही वेगळं होतं?"

"होतं ना. दसरा झाला अन् थडथड सुरू झाली. पाट्यावर वरवंटा आपटावा तशी. मिस्त्री म्हने, बोल्ट ढिले झाले, आर्धा दिवस बंद ठेवा, मी नवीन बसवतो. पन ट्रॉल्या पार रोडापरेंत लागेल होत्या. कोन बंद ठेवते? मंग मिस्त्री गेला साखरखेर्ड्याले, त्याची लेक नाजिश, तिच्या पोरीचा अकीका होता, आपल्या बारशावानी. दोन दिवस. जाता जाता बी मॅनेजरले सांगून गेला, मी येईपरेंत चालवू नका म्हनून."

"आणि परत आल्यावर?"

"तवरीक थडथड गेली होती. अन् किरकिर आली होती. बारीक, सुरी पाजवल्यावानी." ती किंचित हसली. "आमी बाया म्हनलो, सासू गेली अन् सून आली."

आतून अन्नपूर्णाने भांडे जरा जोरात ठेवले.

"म्हणजे त्या दोन दिवसांत कोणीतरी थडथड थांबवली. कोणी?"

शालूबाईने पट्टीकडे पाहिले.

"मी मान खाली घालून कवडी वेचतो, ताई. मले काई दिसलं नाई."

"मिस्त्री आत जाईल, शालूबाई."

"माहीत हाये." शालूबाई म्हणाली. "आमी दोघी सासू-सुना तिथंच जातो. दुसरी जिनिंग पार चिखलीले. तुमाले काय, तुमी बुलढान्याले जासान."

शालूबाई म्हणत होती ते खरेच होते. चहा पिऊन निशिगंधा उठली. उंबऱ्यापर्यंत आल्यावर मागून शालूबाईचे शब्द आले.

"त्या भिंतीमांगं हात घालून पाहा जरा. बाईचा हात जाते."

५

केसिंग आणि भिंत यांच्यामधली फट जेमतेम टीचभर होती. दुसऱ्या दिवशी सकाळी निशिगंधाने आरसा आणि विजेरी आत सरकवून त्या फटीला डोळा लावला.

भिंत काजळीने काळीकुट्ट झालेली होती. फक्त एका जागी, छातीच्या उंचीवर, चुन्याचा पांढरा पट्टा स्वच्छ राहिला होता. हातभर लांब आणि एका टोकाला निमुळता.

तिने डोळे मिटले. मग ती मागे सरली, कोणाशी काही न बोलता वजनकाट्याकडे चालत गेली आणि आगीपासून अडकून पडलेल्या एका ट्रॉलीच्या चाकामागचा कालचा तो ठोकळा उचलला. ट्रॉलीवाल्याने हरकत घेतली. तिने त्याला दुसरा ठोकळा दिला. इतक्या लाकडांमध्ये एक लाकूड लपवायला याहून चांगली जागा नव्हती.

पट्ट्यावर ठोकळा बेतल्यासारखा बसला. तो ठोकळा नव्हताच. ती पाचर होती. बोल्ट ढिले झाल्याने केसिंग थडथडत होते. ते गप्प करण्यासाठी कोणीतरी भिंत आणि केसिंग यांच्यामध्ये पाचर ठोकली. आवाज थांबला, पण पत्रा पात्यांच्या वाटेत ढकलला गेला. तेव्हापासून आठ पाती त्या एका जागी घासत राहिली. शुक्रवारी ठिणगी कापसाबरोबर उडाली.

"मिस्त्री, हे पाहा."

मेहबूबने पाचर हातात घेतली, उजेडात फिरवली. तिच्या एका स्वच्छ बाजूवर तेलकट लाल डाग होता.

"शेंदूर," तो म्हणाला. "माहाच आहे. दसऱ्याले मशीनची पूजा इथं मिस्त्रीनं करायची, असा रिवाज हाये, पुंजाजी आबानं लावलेला. मी मुसलमान, तरी बी मीच करतो. कुंकू बेअरिंगात जाते, म्हनून मी शेंदूर तेलात कालवतो. महिनाभर वाळत नाई. शालूबाईच्या लुगड्याले दरसाल लागते अन् दरसाल ती मले शिव्या देते."

"पण हा केसिंगच्या भिंतीकडच्या बाजूवरून उमटलेला डाग आहे. तिथे कोण बघणार?"

"देव काय समोरूनच पाह्यते, मॅडम? मी चारी बाजूनं टिळा लावतो."

मग त्याने पाचर उभी केली आणि तो थांबला. तिच्या जाड टोकावर, जिथे घाव बसले होते, तिथेही लाल ठसा होता. लाकडाच्या रेषांत खोल दाबला गेलेला.

"हे कुठून आलं?" निशिगंधाने विचारले. "हातोड्यावरून?"

"हत्याराले मी टिळा दांड्यावर लावतो. तोंडावर लावला त घाव निसटते." मेहबूबचा चेहरा हळूहळू राखेसारखा झाला. "सगळ्या कारखान्यात एकाच हत्याराच्या तोंडावर मी शेंदूर लावतो. कारन ते वापरायचंच नसते."

दोघांनीही केबिनच्या दिशेने पाहिले.

६

राजकुमारने कपाटाची किल्ली खिशातून काढली. त्याने टाळाटाळ केली नाही, हे निशिगंधाने मनात नोंदवले. घणाच्या तोंडावरचा शेंदूर मधोमध फिसकटला होता आणि त्यात बाभळीची दोन कुसळे चिकटली होती.

"किल्ली कोणाकडे असते?"

"माझ्याकडेच," राजकुमार म्हणाला.

"बिडी म्या ठेवली," गोविंदा एकदम बोलला. "पाचर बी म्याच काढून ट्रॉल्यांच्या ठोकळ्यांत फेकली. मिस्त्रीची डबी खिडकीत होती, तिच्यातली बिडी घेतली. शेठनं सांगितलं नव्हतं मले."

"मी विचारलंही नाही," राजकुमार म्हणाला. "बिडी कुठून आली ते मी विचारलं नाही, गोविंदा."

तो खुर्चीत बसला. तसबिरीकडे त्याची पाठ होती.

"आबा असंच करायचे. जिन खडखडली की बाभळीची पाचर, दोन घाव, गप्प. रांगेतले लोक पाहत राहायचे. त्या शनिवारी ट्रॉल्या अडल्या होत्या, मिस्त्री नव्हता, लोक म्हणायला लागले, पुंजाजी असते तर एवढा वेळ लागला नसता. मी घण काढला. माझ्याही हाताला जमतं, असं वाटलं मला."

"आबाच्या जिना बिडाच्या होत्या," मेहबूब म्हणाला. त्याच्या बोलण्यात राग नव्हता, म्हणून ते अधिक लागले. "बीड वाकत नाई. हा पत्रा हाये, शेठ. मी परत आलो त तुमी मले प्रेसवर लावलं. किरकिर म्या ऐकली. दोन डाव सांगितलं. तिसऱ्या डावा मी सोता वाकून पाहाले पायजे होतं. तेवढा दोष माहा."

राजकुमार निशिगंधाकडे वळला आणि त्याच्या आवाजात पुन्हा मालक आला.

"मॅडम, मिस्त्रीचं नाव मी सोडतो. कागद फाडतो आत्ताच. तुम्ही शॉर्ट सर्किट लिहा. कोणावरच येणार नाही. कारखाना पंधरा दिवसांत उभा राहील, सव्वाशे माणसं कामाला लागतील. नाहीतर हा लाकडाचा तुकडा आणि शेंदूर; वकील हसतील यावर. मला घण उचलताना पाहिलेला माणूस आहे का तुमच्याकडे?"

त्याने कागदाचे खरोखरच चार तुकडे केले.

निशिगंधाने मेहबूबकडे पाहिले. त्याच्यापुरता प्रश्न मिटला होता. तो आता मान हलवील आणि घरी जाईल. त्यासाठी त्याला कोणी बोल लावला नसता.

"नाई," मेहबूब म्हणाला. "शॉर्ट सर्किट लिवलं त वायरी बदलतीन. बोल्ट तसेच राह्यतीन. पुढच्या साली पुन्हा पाचर. सव्वीस वर्सं मी या मशीनचा आवाज ऐकतो, शेठ. ती खोटं बोलत नाई. मी तिच्या नावानं खोटं काऊन बोलू?"

"मग सिद्ध करा," राजकुमार म्हणाला.

दारावर कोणीतरी उभे होते. अन्नपूर्णाच्या खांद्याला धरून शालूबाई आत आली. चालून आल्याने तिला दम लागला होता. बसायला सांगितले तरी ती बसली नाही.

"शेठ," ती म्हणाली, "मान खाली घातली तरी बाईले दिसते. तुमी तीन घाव घातले. तिसऱ्या घावाले तुमच्या सदऱ्याच्या बाहीले शेंदूर लागला. तुमी नळावर धुतला. मी पाह्यलं."

राजकुमारचा हात नकळत उजव्या बाहीकडे गेला आणि तिथेच राहिला.

"उद्या कामावर येऊ नका, असं म्हणू शकतो मी," तो अगदी हळू म्हणाला.

"म्हना. झडप पाडाले बी मले कोनी बोलावलं नव्हतं."

निशिगंधाने वहीचे कोरे पान उघडले. शालूबाई सांगत गेली, ती लिहीत गेली. दिवस, वेळ, तीन घाव, बाही. शेवटी निशिगंधाने सवयीने शाईची डबी पुढे केली. उजवा अंगठा पट्टीत होता. तिने डाव्या हाताकडे बोट केले.

"अंगठा नाई," शालूबाई म्हणाली. "चौथी शिकेल हावो मी. पेन द्या."

डाव्या हातात तिने पेन मुठीत धरले, पोर धरते तसे. पहिले अक्षर फार मोठे झाले, दुसरे ओळीखाली उतरले. अन्नपूर्णाने कागद दाबून धरला. नाव पुरे व्हायला बराच वेळ लागला, आणि राजकुमार पडघानने तेवढा वेळ नजर वळवली नाही.

त्या नावाखाली मेहबूबने सही केली. निशिगंधाने पाचर पांढऱ्या कापडात गुंडाळली, दोरा बांधला, गाठीवर लाख ओतली. पान फाडून त्याच पुडक्यासोबत पिशवीत ठेवले. मग तिने अहवालाचा छापील नमुना काढला. 'आगीचे कारण' या रकान्यात तिने तिथेच, त्याच टेबलावर, पाच ओळी लिहिल्या, तारीख टाकली आणि सही केली.

बाहेर मेहबूब पंख्याजवळ गेला होता. त्याने केसिंगच्या बैठकीचे ढिले बोल्ट एकेक करून काढले, चिंधीने पुसले आणि नवे आणताना मापाला म्हणून खिशात टाकले.